साखरेच्या पोत्यांखाली काय आहे?

मागच्या अंकात मी शेळ्यांच्या वहाणाची, म्हणजे गलबताची, गोष्ट लिहिली होती. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कच्छच्या तुणा बंदरातून आखाती देशांकडे शेळ्या-मेंढ्या घेऊन निघालेलं एक लाकडी वहाण आमच्या तटरक्षक दलाच्या गस्तीनौकेने रात्री थांबवलं. खबर होती. आम्ही आठ जण वर चढलो. पहाटेपर्यंत जनावरांच्या पायांत, चाऱ्याच्या गंजीत, पाण्याच्या टाक्यांत शोधलं आणि हाती लागला तो फक्त वास. गणवेश तीनदा धुतला तरी तो गेला नाही.

त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. साताऱ्याच्या माणसाला समुद्र बघायचा तर आंबेनळी नाही तर कुंभार्ली घाट उतरावा लागतो. मी स्वतः कोयनाकाठचा. एकोणिसाव्या वर्षी ओडिशात चिल्काला प्रशिक्षणाला गेलो, तोवर कोयनेच्या जलाशयापेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. भरतीचं पत्र आलं तेव्हा आजी म्हणाली होती, "आरं, पान्याची कसली राखण करायची?" तटरक्षक दलातून 'उत्तम अधिकारी' या हुद्द्यावरून निवृत्त झालो, तरी तिला नीट उत्तर देता आलं नाही. या वेळी निदान वाचकांना देऊन बघतो.

मी साखर कारखान्याच्या गोडाऊनवर २६ वर्षं काढली. मुलाने मोबाइलवर दाखवलं, की परदेशात एका जहाजात साखरेच्या पोत्यांखाली लढाऊ विमानं निघाली. आमच्याकडे थप्पीतलं एक पोतं हललं तरी कळतं. मग समुद्रात जहाजं थांबवून खालचा माल का बघत नाहीत?
— एक वाचक, ता. वाळवा, जि. सांगली

दादा, बातमी खरी आहे. जुलै २०१३ मध्ये 'चोंग चॉन गांग' हे उत्तर कोरियाचं जहाज क्यूबाहून निघून पनामा कालव्यातून जाणार होतं. पनामाच्या लोकांना अमली पदार्थांचा संशय होता. वर दोन लाखांहून जास्त साखरेची पोती, आणि खाली कंटेनरांत दोन मिग-२१ विमानं, त्यांची इंजिनं, क्षेपणास्त्रांची सामग्री. क्यूबा म्हणाला, जुनी शस्त्रं आहेत, दुरुस्तीला पाठवत होतो.

आता तुमच्या गोडाऊनचा हिशेब घ्या. साखर सुमारे १०,००० टन होती. तुमच्या थप्पीला चारी बाजूंनी फिरायला गल्ली असते, वर पंखे असतात, दारात वजनकाटा असतो. जहाजाच्या हॅचमध्ये, म्हणजे माल भरायच्या पोटात, गल्ली ठेवतच नाहीत. जागा मोकळी सुटली तर लाटेबरोबर माल एका कुशीला सरकतो आणि जहाज कलंडतं. म्हणून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ठासून भरतात. खाली काय आहे हे बघायचं तर वरचं उचलण्याला पर्याय नाही. आणि उचलून ठेवणार कुठे? भर समुद्रात दोन लाख पोत्यांना दुसरी जागा नसते. पनामाने जहाज धक्क्याला लावलं होतं, तरी खलाशांनी क्रेनच्या तारा कापून ठेवल्यामुळे पोती हाताने उतरवावी लागली. तुमच्याकडची माथाडींची टोळी दिवसाला किती पोती हलवते ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच भागाकार करा.

भर समुद्रात हॅचचं झाकण उघडणं हाच मुळात धोका असतो. ती लोखंडी झाकणं काही टनांची असतात. जहाज डुलत असताना उघडलं आणि पाणी आत गेलं, तर साखरेचा दगड होतो आणि नुकसानीचं बिल तपासणाऱ्याच्या देशाच्या नावाने निघतं.

एक गोष्ट मात्र तुम्हाला गोडाऊनवाले म्हणून लगेच पटेल. धान्याला कीड लागू नये म्हणून ज्या गोळ्या ठेवतात, त्याच अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या धान्याच्या जहाजांतही टाकतात. त्यांचा वायू बंद हॅचमध्ये साचून राहतो. शिवाय बंद टाकीत नुसता गंज चढला तरी तो हवेतला प्राणवायू खातो. नेहमीच्या हवेत तो २०.९ टक्के असतो. आत तो किती उरलाय हे नाकाला कळत नाही. आपल्याकडे जुन्या विहिरीत मोटर काढायला एक उतरतो, तो वर येत नाही म्हणून दुसरा उतरतो, तसंच इथे होतं. एका जहाजावर आमच्यातला एक पोरगा नांगराच्या साखळीच्या कोठीत पाय टाकणार, एवढ्यात त्या जहाजाच्या म्हाताऱ्या बोसनने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, त्याची कॉलर धरून मागे ओढलं. आम्ही ज्याच्यावर संशय घेऊन चढलो होतो, त्यानेच आमचा माणूस वाचवला. त्या दिवसापासून गॅसमीटर आत सोडल्याशिवाय मी कुणाला वाकूनसुद्धा बघू दिलं नाही.

साखरेचंच निघालंय म्हणून आपल्या किनाऱ्यावरचे दोन किस्से सांगतो. १९९९ च्या जूनमध्ये 'कु वोल सान' हे उत्तर कोरियाचंच जहाज साखर उतरवायला कांडला बंदरात आलं. कस्टमच्या लोकांना खबर होती. खलाशांनी अडवलं, झटापट झाली. कागदावर पाणी शुद्ध करायची यंत्रं म्हणून लिहिलेल्या पेट्यांत क्षेपणास्त्राचे भाग आणि नकाशे निघाले. पुढे ऑगस्ट २००९ मध्ये अंदमानात हट बेजवळ 'मु सान' नावाचं जहाज विनापरवानगी नांगर टाकून बसलेलं आढळलं. आमच्या दलाने सहा तास पाठलाग करून ते पकडलं आणि शेवटी काकीनाड्याला नेऊन तपासलं. आत होती १६,५०० टन साखर. बाकी काहीही नाही. पेपरांत त्याची थोडी चेष्टाही झाली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. साखर आहे, हे ठरवायलासुद्धा बंदर लागलं.

मी विधी शाखेची विद्यार्थिनी आहे. अभ्यासक्रमात सागरी कायदा एका प्रकरणात संपतो. भर समुद्रात परदेशी जहाज थांबवून तपासण्याचा अधिकार नक्की कोणाला असतो? आणि अधिकार नसताना चढलं तर काय होतं?
— एक वाचक, सातारा

तुमची परीक्षा असेल तर हे उत्तर वापरू नका. मी कायदा शिकलो तो बोर्डिंगच्या आधी दहा मिनिटं, कॅप्टनसाहेबांच्या तोंडून.

जहाजाचा झेंडा म्हणजे त्याचा सातबारा समजा. ज्या देशात नोंद, त्या देशाचा कायदा त्या डेकवर चालतो. आता गंमत बघा. मालक ग्रीसचा, नोंद पनामाची किंवा लायबेरियाची, खलाशी फिलिपिन्सचे आणि आपले, माल चौथ्याचाच. जमीन एकाच्या नावावर, कसणारा दुसरा आणि पीक तिसऱ्याचं, ही भानगड आपल्याला काही नवीन नाही. वहिवाट कुणाचीही असो, तलाठी उताऱ्यावरचं नावच बघतो. समुद्रातही खुल्या पाण्यात परवानगी मागायची ती झेंड्याच्या देशाकडे.

किनाऱ्यापासून अंतरागणिक आपला हात आखूड होत जातो. पहिले १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, साताऱ्याहून कोरेगावच्या जरा पुढे, ते आपलं पाणी. तिथेही परदेशी जहाज निमूट जात असेल तर त्याला जाऊ द्यावं लागतं. २४ मैलांपर्यंत कस्टम, कर, परदेशातून येणारी माणसं, साथीचे रोग यांपुरती अडवणूक करता येते; आपल्या १९७६ च्या कायद्यात सुरक्षाही घातलेली आहे. २०० मैल, म्हणजे ३७० किलोमीटर, सांगलीहून मुंबईएवढं अंतर, तिथवर मासे आणि समुद्राखालची संपत्ती आपली. पण वरून जाणाऱ्या मालवाहू जहाजाच्या पोटात काय आहे, हे विचारायचा सरसकट हक्क त्यातून मिळत नाही. लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे होतो. '२०० मैल आपले' असं शाळेत शिकवतात आणि कुणाला वाटतं, तेवढ्यात कुणालाही थांबवा.

त्यापलीकडे १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याचं कलम ११० येतं. चाचेगिरी, गुलामांचा व्यापार, विनापरवाना प्रसारण, कुठल्याच देशाचं नसलेलं जहाज, किंवा दुसरा झेंडा लावलेलं पण खरं तर आपलंच जहाज. यांतला वाजवी संशय असेल तर युद्धनौका किंवा तटरक्षक दलाची नौका चढू शकते. या यादीत काय नाही ते बघा. अमली पदार्थ नाहीत. शस्त्रं नाहीत. त्यांच्यासाठी झेंड्याच्या देशाला विचारायचं आणि थांबायचं. आम्ही इकडे वर्तुळं मारतोय, दिल्लीहून कुठल्या तरी बेटाच्या नोंदणी कार्यालयाला संदेश गेलाय, तिथे रविवार आहे. दहशतवादविरोधी कराराच्या २००५ च्या दुरुस्तीत 'चार तासांत उत्तर आलं नाही तर परवानगी समजा' अशी एक वाट आहे, पण ती आधीच मान्य केलेल्या देशांपुरती. नोव्हेंबर २०२० मध्ये लिबियाजवळ जर्मन युद्धनौकेचे सैनिक तुर्कस्तानच्या 'रोझलिन ए' या जहाजावर हेलिकॉप्टरने उतरले. नकार आलेला नाही म्हणजे होकार, असं त्यांनी धरलं होतं. तपासणी निम्म्यात असताना तुर्कस्तानचा नकार आला आणि सगळे खाली उतरले. निम्मं जहाज बघितलेलं, निम्मं राहिलेलं. त्या सैनिकांच्या जागी मी स्वतःला सहज बघू शकतो.

आता 'आलोंद्रा रेनबो'. हे तुमच्या कामाचं आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये इंडोनेशियाहून जपानला सुमारे ७,००० टन अॅल्युमिनियम घेऊन निघालेलं हे जहाज चाच्यांनी पळवलं. खलाशांना तराफ्यावर सोडून दिलं. जहाजाला नवा रंग, नवं नाव 'मेगा रामा', झेंडा बेलीझचा. नोव्हेंबरमध्ये आमच्या विमानाला केरळच्या बाजूला त्या वर्णनाचं जहाज दिसलं. पाठलागावर गेली ती आमची 'ताराबाई'. होय, अजिंक्यताऱ्यावरून ज्यांनी राज्य हाकलं, त्याच ताराराणींच्या नावाची गस्तीनौका. इशाऱ्याचे गोळीबार झाले, तरी जहाज थांबेना. मग नौदलाची 'प्रहार' आली. दरम्यान बेलीझकडून कळलं, की या नावाचं जहाज आमच्या दप्तरी नाही. म्हणजे सातबाराच खोटा. कायद्याने बघितलं तर सगळा पाठलाग या एका निरोपावर उभा होता. १६ नोव्हेंबरला जहाज हाती आलं, तेव्हा चाच्यांनी ते पेटवून बुडवायचा प्रयत्न चालवला होता. नौदलाच्या मुलांनी ते वाचवलं आणि ओढून मुंबईला आणलं.

मी तेव्हा पोरबंदरला होतो. आमच्या मेसमध्ये लाडू वाटले गेले. २००३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने चाच्यांना शिक्षा सुनावली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडलं. चाचेगिरीवर आपला स्वतंत्र कायदाच नव्हता. परदेशी समुद्रात परदेशी माणसांनी परदेशी जहाज लुटलेलं, आणि आपण भारतीय दंडविधानाची कलमं ताणून बसवत होतो. तसा कायदा व्हायला २०२२ साल उजाडलं. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने 'रुएन' जहाजावरून ३५ सोमाली चाचे पकडून मुंबईत आणले, तेव्हा खटल्यासाठी कायदा तयार होता. तुम्ही वकील झालात तर ही मधली वीस-पंचवीस वर्षं विसरू नका. पकडणं आम्ही करतो, पुढचं तुमच्याकडे असतं.

आणखी एक गोष्ट. चढायचा अधिकार आणि माल जप्त करायचा अधिकार या दोन वेगळ्या चिजा आहेत. डिसेंबर २००२ मध्ये स्पेनच्या नौदलाने येमेनजवळ 'सो सान' थांबवलं. झेंडा नाही, म्हणून चढणं कायदेशीर. सिमेंटच्या पोत्यांखाली १५ स्कड क्षेपणास्त्रं निघाली. येमेन म्हणाला, आम्ही विकत घेतलीत. अशी खरेदी रोखणारा कायदा कुणाला दाखवता येईना. जहाज क्षेपणास्त्रांसकट सोडून दिलं.

अधिकार नसताना चढलं, किंवा संशय फोल निघाला, तर भरपाई. १९९७ मध्ये गिनी देशाने 'सायगा' हा तेलवाहू टँकर पाठलाग करून, गोळ्या झाडून पकडला. पाठलाग आपल्या हद्दीत सुरू व्हावा लागतो आणि मध्ये तुटता कामा नये. तिथे ते सिद्ध झालं नाही. हॅम्बर्गच्या सागरी न्यायाधिकरणाने जुलै १९९९ मध्ये गिनीला २१ लाख डॉलरांहून जास्त भरपाई द्यायला लावली. आमच्या साहेबांच्या टेबलावर त्या निकालाचा कागद काचेखाली ठेवलेला असायचा.

बोटीवर तुम्हाला उलटी व्हायची का?
— एक वाचक, पाटण

व्हायची. कोरडी चपाती आणि मीठ लावलेला कांदा. अधिकारी झालो तरी व्हायची, फक्त मग कुणाला न दिसेल अशी जागा माहीत झाली होती.

मी द्राक्षं निर्यात करतो. गेल्या हंगामात आमचा कंटेनर बंदरात तपासणीला काढला, सील तोडलं, परत लावलं. पलीकडच्या खरेदीदाराने सील नंबर जुळत नाही म्हणून पैसे अडवले. जहाज वीस-पंचवीस दिवस समुद्रातच असतं, तर तपासणी तिथेच का करत नाहीत? बंदरातला वेळ तरी वाचेल.
— एक वाचक, तासगाव

तुमचा राग समजतो. द्राक्षाला शून्याच्या आसपास थंडी लागते, आणि मार्चमध्ये बंदराच्या उन्हात दार उघडं ठेवलं तर काय होतं ते मी सांगायला नको. पण समुद्रात तुमच्या कंटेनरचं दार उघडणं जमत नाही. अधिकाराचा मुद्दा नंतरचा, हातच पोचत नाही.

आजची सगळ्यात मोठी कंटेनर जहाजं ४०० मीटर लांब असतात आणि वीस फुटी धरले तर २४,००० कंटेनर नेतात. डेकच्या खाली ते लोखंडी चौकटींत एकावर एक रचलेले. डेकच्या वर आणखी थरावर थर. दोन कंटेनरांच्या तोंडांमध्ये माणूस आडवा शिरेल एवढीही जागा बऱ्याचदा नसते, दार उघडणं दूर राहिलं. एकेक कंटेनर भरून ३० टनांपर्यंत जातो. मोठ्या कंटेनर जहाजावर स्वतःची क्रेन नसते, ती धक्क्यावर असते. तुमचा कंटेनर खालून तिसरा असेल, तर देवाला हाक मारली तरी तो बाहेर यायचा नाही. थंड कंटेनर मिळेल त्या जागी ठेवत नाहीत. विजेच्या जोडणीजवळ ठेवतात, एवढंच काय ते सोपं. मी कंटेनर जहाजावर चढलो तेव्हा केलं ते इतकंच: हाताला येतील तेवढ्या सीलांचे नंबर यादीशी ताडून बघितले, रिकाम्या म्हणून लिहिलेल्या कंटेनरांवर हात मारून आवाज ऐकला, आणि कागद वाचले. कलिंगड घेताना टिचकी मारतात तसा हा प्रकार.

म्हणून खरी पकड बंदरात होते. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरात दोन कंटेनरांत जवळपास ३,००० किलो हेरॉइन सापडलं. कागदावर ती अफगाणिस्तानातली शंखजिऱ्याची भुकटी होती, इराणच्या बंदर अब्बासहून आलेली. त्याच जहाजावर भर समुद्रात शंभर माणसं चढवली असती, तरी ते दोन कंटेनर कुठले हे आधी कळल्याशिवाय काही हाती लागलं नसतं. अमेरिकेने २००७ मध्ये कायदाच केला, की आपल्याकडे येणारा प्रत्येक कंटेनर परदेशी बंदरातच स्कॅन होऊन निघावा. २०१२ ची मुदत घातली होती. ती पुढे ढकलतच गेली.

आता तुमच्या सीलबद्दल. अधिकाऱ्याने सील तोडलं तर नवं सील लावून त्याचा नंबर कागदावर चढवलाच पाहिजे, आणि त्याची प्रत तुमच्या कस्टम एजंटाने त्याच दिवशी घेतली पाहिजे. तुमच्या पत्रावरून वाटतं, की एजंटाने ती घेतली नाही किंवा पुढे पाठवली नाही. पुढच्या हंगामात दार उघडण्याआधी, उघडल्यावर आणि नवं सील लागल्यावर असे तीन फोटो मागा. पेट्यांमध्ये तापमान नोंदवणारा डेटा लॉगर टाका. दार किती वेळ उघडं होतं ते त्यात आपोआप उमटतं, आणि खरेदीदाराशी भांडायला तोच उपयोगी पडतो. या सगळ्याला एका पेटीच्या किमतीपेक्षा फार खर्च येत नाही.

माझा मुलगा मालवाहू जहाजावर ओएस, म्हणजे साधा खलाशी, आहे. मागच्या महिन्यात रात्री दोन वाजता परदेशी नौदलाची बंदूकधारी माणसं त्यांच्या जहाजावर चढली, सगळ्यांना मेसमध्ये बसवून ठेवलं, खोल्या उपसल्या. काही सापडलं नाही. तो म्हणतो, रोजचंच आहे. मला झोप नाही. उद्या कुणी त्याच्या खोलीत काही ठेवलं तर?
— एक वाचक, ता. खटाव, जि. सातारा

ताई, तुमच्या मुलाच्या जागी बसलेली पोरं मी समोरून बघितली आहेत, म्हणून तिकडची बाजू सांगतो.

चढणाऱ्याच्या पोटातही गोळा असतो. जेमिनी बोट, म्हणजे हवा भरलेली रबरी बोट, जहाजाच्या कुशीला लावायची. जहाज थांबत नाही; थांबलं तर जास्त डुलतं. ते हळू चालत वाऱ्याला आपली एक कूस देतं, म्हणजे दुसऱ्या कुशीच्या आडोशाला पाणी जरा शांत. वरून दोरीची, लाकडी पायऱ्यांची शिडी सोडलेली. लाटेवर बोट सगळ्यात वर जाते त्या क्षणी शिडी धरायची. खाली असताना धरली, तर पुढची लाट बोटीला वर आणते आणि पाय मध्ये चेंगरतात. अंधारात, पाठीवर ओझं, वर कोण उभा आहे हे माहीत नाही. असा माणूस डेकवर पोचतो तेव्हा त्याचा आवाज चढलेला असतो. तो राग नसतो.

सगळ्यांना एका जागी बसवतात ते मोजायला. खलाशांच्या यादीत २२ नावं आणि मेसमध्ये २१ डोकी असतील, तर तो बाविसावा कुठे आहे याचीच आम्हाला सगळ्यात जास्त धास्ती. जहाजाचा ताबा या काळातही कॅप्टनकडेच असतो. खोली उघडताना जहाजाचा एक माणूस बरोबर ठेवायचा, ही आमची शिस्त होती, आणि चांगली दलं ती पाळतात. कॅप्टन तशी मागणी करू शकतो. काही मोडलं, काही गेलं, तर तो निषेधपत्र लिहून त्यावर पोच मागतो आणि जहाजाच्या नोंदवहीत वेळेसकट लिहितो.

मुलाला एवढंच सांगा. सीडीसी, म्हणजे खलाशाचं सेवापुस्तक, आणि पासपोर्ट कुठे आहे हे पाठ असावं. हात दिसतील असे ठेवावे. मोबाइलवर चित्रीकरण करू नये. गावाकडून नेलेल्या गोळ्या-औषधांची चिठ्ठी बरोबर ठेवावी. खोकल्याच्या बाटलीवरून मी दोन तासांचा घोळ बघितला आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बंदरात कुणी ओळखीच्याने 'एवढं पुढच्या बंदरात माझ्या भावाला दे' म्हणून पुडकं दिलं तर घेऊ नये, मग तो आपल्या तालुक्यातला का असेना. तपासायला आलेल्यांनी खोलीत काही ठेवणं मी पाहिलं नाही. भोळेपणाने घेतलेलं पुडकं मात्र पाहिलं आहे. त्या मुलाचं वय तेवीस होतं.

तो 'रोजचंच आहे' म्हणतो, ते बहुतेक तुम्हाला झोप लागावी म्हणून. एडनच्या आखाताकडे जाणाऱ्या जहाजावर कॅप्टन चढू देण्याआधी रेडिओच्या १६ नंबर चॅनलवर ओळख विचारतो आणि कंपनीला कळवतो. तसं झालं होतं का, एवढं त्याला विचारा. 'हो' म्हणाला तर जहाज नीट चाललंय.

कान्होजी आंग्रेही जहाजं थांबवून तपासत. इंग्रज त्यांना चाचा म्हणत. तुमचं मत?
— एक वाचक, सातारा

पोर्तुगीज आपला 'कार्ताझ' नावाचा परवाना नसलेली जहाजं पकडत, तेव्हा त्याला कारभार म्हणत. सरखेलांनी तेच स्वतःच्या दस्तकासाठी केलं, साताऱ्याच्या छत्रपतींचे आरमारप्रमुख म्हणून केलं. ज्याचा परवाना चालत नाही, तो नेहमीच समोरच्याला चाचा म्हणतो. मी याहून जास्त बोललो तर इतिहासाचे मास्तर रागावतील.

मी नववीत आहे. जहाजांचं नाव आणि रंग बदलून फसवतात, असं तुम्ही लिहिलं होतं. मग खरं जहाज ओळखायचं कसं? मी एका फोटोतून जहाजाचा नंबर उतरवला आहे: आयएमओ ९०७४१२९. हे खरं आहे का?
— एक वाचक, कोरेगाव

शाब्बास. आयएमओ म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटना; बऱ्याच मोठ्या माणसांना तिचा हा नंबर असतो हेच माहीत नसतं. नाव, झेंडा, मालक काहीही बदललं तरी हा सात आकड्यांचा नंबर जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. बाहेर रंगवलेला असतो आणि आतही पक्का कोरलेला किंवा वेल्डिंगने उठवलेला असतो. आम्ही वर चढलो, की आतला आणि बाहेरचा ताडून बघायचो. बाहेरचा खरवडता येतो, आतल्याचं कधी कधी विसरतात.

तो तपासायची एक युक्ती आहे. पहिल्या सहा आकड्यांना ओळीने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुण. सगळ्यांची बेरीज कर. बेरजेचा शेवटचा आकडा आणि नंबरातला सातवा आकडा एकच यायला हवा. तुझा नंबर घेऊ. ९ गुणिले ७, त्रेसष्ट. शून्याचं शून्य. ७ पंचे पस्तीस. ४ चोक सोळा. १ त्रिक तीन. २ दुणे चार. बेरीज १२१. शेवटी १ आला, आणि तुझ्या नंबराच्या शेवटी ९ आहे. जुळत नाही.

पण जहाजाला लगेच खोटं ठरवू नकोस. पाचवा आकडा तू १ लिहिला आहेस. फोटोत तो ७ असावा असं मला वाटतं, कारण तो ७ धरला तर बेरीज १३९ होते. भिंग घेऊन परत एकदा बघ आणि मला कळव.